हेल्मेट कोपरावर का लटकतं? गाडी चालवताना मनात काय चालतं, याविषयी

नागपूरच्या शंकरनगर चौकात संध्याकाळी सिग्नलला थांबले होते. शेजारी पंचविशीतला एक मुलगा मोटरसायकलवर. हेल्मेट होतं, पण डाव्या कोपरात अडकवलेलं. पलीकडे वाहतूक पोलीस दिसला तसं त्याने ते चटकन डोक्यावर चढवलं. पट्टा लावला नाही, नुसतं ठेवलं. सिग्नल सुटला, चौक ओलांडला आणि शंभरेक मीटरवर ते पुन्हा कोपरात गेलं. पुढे तो पानठेल्यावर थांबला, तेव्हा मला राहवलं नाही. मीही गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, "बाळा, हेल्मेट काढलंस कशाला?"

तो अजिबात चिडला नाही. म्हणाला, "काकू, इथंच तर बजाजनगरले जाऊन राहिलो. काही नाही होत."

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच वाक्य. या मुलाला नियम माहीत होता. हेल्मेट चांगल्यापैकी महागाचं होतं, म्हणजे पैशाचाही प्रश्न नव्हता. ते सोबत बाळगण्याचा त्रासही तो घेत होता. तरी डोकं उघडंच. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, दर तासाला साधारण १९. त्यांपैकी ५०,०२९ दुचाकीस्वारांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. दर जानेवारीत रस्ता सुरक्षेचे फलक लागतात, शाळांतून शपथा होतात आणि आपण म्हणतो, 'लोकांना कळतच नाही.' मला वाटतं, लोकांना कळतं. गडबड कळण्याच्या पलीकडे, मन धोक्याचा हिशेब ज्या पद्धतीने ठेवतं तिथे आहे.

त्याचं म्हणणं खरं आहे, हीच अडचण

"काही नाही होत" हे त्या मुलाचं वाक्य त्याच्या अनुभवापुरतं शंभर टक्के खरं आहे. तो हजार वेळा तसा गेला असेल आणि हजार वेळा सुखरूप पोचला असेल.

एक हिशेब करून बघू. समजा, लाल सिग्नल तोडला की पन्नास हजार वेळांत एकदा अपघात होतो. आकडा मी फक्त उदाहरणासाठी धरला आहे. एखादा माणूस रोज दोनदा सिग्नल तोडतो, वर्षातले ३०० दिवस. झाले वर्षाला ६०० वेळा. या दराने त्याच्या वाट्याला एक अपघात यायला सरासरी ८३ वर्षं लागतील. म्हणजे जन्मभर सिग्नल तोडूनही बहुतेकांना काहीच होणार नाही आणि ते नातवंडांना सांगतील, 'आम्ही असंच चालवत आलो.'

आता तोच हिशेब शहराचा करा. एक लाख लोकांनी रोज दोनदा सिग्नल तोडला तर दिवसाला दोन लाख वेळा. त्याच दराने रोज चार अपघात. त्या माणसाचा अनुभवही खरा आणि सकाळच्या पेपरातली बातमीही खरी. दोन्ही एकाच आकड्यातून निघतात. पण आपला मेंदू लाखाच्या हिशेबातून शिकत नाही, तो स्वतःवर बेतलेल्या प्रसंगातून शिकतो. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे आपण ऐकत आलो. रस्त्यावर मात्र वर्षानुवर्षं दूध पोळतच नाही. मग फुंकायची सवय लागणार कुठून?

याहून वाईट म्हणजे थोडक्यात हुकलेला अपघात. ट्रकच्या बाजूने कट मारला, आरसा ट्रकला घासता घासता राहिला. या प्रसंगाचे दोन अर्थ निघतात. एक, 'आज मरता मरता वाचलो.' दुसरा, 'पाहिलं का, कसा काढला!' मन बहुधा दुसरा अर्थ उचलतं, कारण पहिल्यात भीती आहे आणि दुसऱ्यात कौतुक. ज्या घटनेने सावध व्हायचं, तिनेच हिंमत वाढते. 'वाईट घडतं ते दुसऱ्यांना, मला नाही' या मनाच्या कलाला मानसशास्त्रात आशावादी पूर्वग्रह म्हणतात. एरवी हा कल जगायला उपयोगाचा आहे, त्याच्याशिवाय कुणी दुकान टाकलं नसतं की कर्ज काढून घर बांधलं नसतं. रस्त्यावर मात्र तो घात करतो.

'पण मला गाडी खरंच चांगली येते'

हे जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. ओला स्वेन्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९८१ साली अमेरिका आणि स्वीडनमधल्या चालकांना विचारलं की, इतरांच्या तुलनेत तुमचं कौशल्य कितपत? त्याच्या पाहणीतल्या ९३ टक्के अमेरिकी आणि ६९ टक्के स्वीडिश चालकांनी स्वतःला वरच्या अर्ध्या भागात बसवलं. वरच्या अर्ध्यात मावतात फक्त पन्नास टक्के. बाकीचे प्रामाणिकपणे चुकत होते.

असं का होतं? स्वयंपाकाचं उदाहरण घ्या. भाजीत मीठ जास्त पडलं तर पहिल्या घासाला जेवणारा सांगतो. दुसऱ्या दिवशी हात आपोआप सावरतो. रस्त्यावर तसं कुणी सांगत नाही. मी न बघता वळले, मागच्याने करकचून ब्रेक लावला, मी निघून गेले. माझी चूक त्याच्या ब्रेकने निस्तरली आणि ती झाली हे मला कळलंही नाही. वीस वर्षं गाडी चालवली म्हणजे वीस वर्षांचा सराव असतोच असं नाही. कधीकधी ती वीस वर्षं न सांगितलेल्या चुकांची असतात.

त्यात माप बदलतं ते वेगळंच. दुसरा आडवा घुसला की तो उद्धट, संस्कार नसलेला. मी घुसले तर माझ्या आईला दवाखान्यात न्यायचं होतं. दुसऱ्याची फक्त गाडी दिसते, स्वतःचं कारण मात्र आपल्याला आतून माहीत असतं.

'रस्तेच खराब आहेत, त्याचं काय?'

हा आक्षेप अगदी रास्त आहे. खड्डा, अंधारातलं गतिरोधक, पुसलेले पट्टे, मध्येच संपणारा डिव्हायडर यांनी माणसं मरतात आणि त्याची जबाबदारी चालकाच्या मनावर ढकलता येत नाही. पण रस्ता सुधारला की धोका संपला, असंही होत नाही. समृद्धी महामार्ग आपल्या दारातून, शिवमडक्यापासून सुरू होतो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला, जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर. खड्डा नाही, चौक नाही, समोरून गाडी नाही. तरी पहिल्याच वर्षी इतके अपघात झाले की रस्ता शापित असल्याच्या गोष्टी सुरू झाल्या. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस पेटून २५ प्रवासी गेले. ती सकाळ इथली बरीच घरं विसरलेली नाहीत.

शापाची गरज नाही. दोन साध्या गोष्टी आहेत.

पहिली, सुरक्षित वाटलं की माणूस तेवढी जोखीम परत वाढवतो. याला जोखीम-भरपाई म्हणतात. जर्मनीत म्युनिकमध्ये काही टॅक्सींना नवे, चाक न अडकणारे ब्रेक बसवले, काहींना जुनेच ठेवले आणि काही वर्षं अपघात मोजले. नव्या ब्रेकच्या टॅक्सींचे अपघात कमी झालेच नाहीत. चालकांना न कळू देता बसलेल्या निरीक्षकांना दिसलं की, चांगले ब्रेक असलेले चालक वळणं जास्त तीव्र घेत होते आणि ब्रेक जोरात दाबत होते. मिळालेली सुरक्षितता त्यांनी वेगात खर्चून टाकली.

मग हेल्मेट घातल्यानेही माणूस बेफिकीर होईल, असं कुणी म्हणेल. थोडाफार होतही असेल. पण पडल्यावर हेल्मेट जे काम करतं, ते या भरपाईपेक्षा कितीतरी मोठं आहे. नीट पट्टा लावलेल्या हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी आणि डोक्याच्या गंभीर इजेचा सुमारे ७० टक्क्यांनी घटतो. नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट मात्र पहिल्या धक्क्यालाच उडून जातं. त्या मुलाने पोलिसासाठी जे घातलं होतं, ते अपघाताच्या दृष्टीने टोपीच होती.

दुसरी गोष्ट, सरळ रस्त्यावर मेंदूला काम उरत नाही. तासभर तेच पट्टे, तोच आवाज. डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर, पण लक्ष विझलेलं. मागचे दहा किलोमीटर कसे आले ते आठवत नाही. हे महामार्ग संमोहन. त्यात झोपेची भर पडते. सतत १७ तास जागं राहिल्यावर माणसाची हालचाल रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी मंदावते, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठलेला माणूस ऑफिस करून, जेवून, 'रात्री रस्ता मोकळा असतो' म्हणून पुण्याला निघाला तर रात्री अकराला त्याचे १७ तास भरतात. तेव्हा तो बुटीबोरीच्या आसपास असेल. थेंबही न घेता तो त्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो आणि कुठलंही फुंकायचं यंत्र त्याला पकडणार नाही.

चार मिनिटांचा व्यवहार

मनीषनगरहून बर्डी साधारण आठ किलोमीटर. ताशी ४० ने १२ मिनिटं, ६० ने ८ मिनिटं. वाचली चार मिनिटं, तीही रस्ता पूर्ण रिकामा आणि सगळे सिग्नल हिरवे असतील तर. वर्धा रोडवर ते कधी होतं? ज्याने मला मागून भरधाव ओलांडलं, तो अजनी चौकात किंवा राहाटे कॉलनीच्या सिग्नलला माझ्या शेजारीच उभा असतो. वेग वाढवल्याने वाचणारा वेळ मन नेहमी फुगवून सांगतं. आणि बदल्यात काय दिलं, ते सांगतच नाही.

समोर अचानक कुणी आलं की ते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीडेक सेकंद जातो. ताशी ४० वर तेवढ्यात गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. मग कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी नऊ मीटर. एकूण २६. ताशी ६० वर त्या दीड सेकंदातच २५ मीटर जातात. याचा अर्थ सावकाश वाचा: ४० वाला जिथे थांबलेला आहे, तिथे ६० वाल्याचा ब्रेक नुकताच लागायला सुरुवात होते. एकाची गाडी त्या शाळकरी मुलीच्या अलीकडे थांबली आणि दुसऱ्याची तिच्यावर जवळजवळ पूर्ण वेगात गेली. फरक फक्त २० चा. वेग दीडपट झाला तरी धडकेचा मार सव्वादोनपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. शरीराला हे समजत नाही. बंद काचांच्या गाडीत, गाणं लागलेलं असताना ६० आणि ४० सारखेच वाटतात.

वेगाची सवयही लागते. तासभर १२० ने आलेल्या माणसाला समृद्धीवरून उतरून हिंगण्याच्या रस्त्याला लागल्यावर ६० म्हणजे रांगल्यासारखं वाटतं. तिथे सायकली असतात, बाजार असतो, रस्ता ओलांडणाऱ्या बायका असतात. अशा वेळी मनाच्या अंदाजावर न जाता काट्याकडे बघावं. मन त्या घडीला खोटी साक्ष देत असतं.

ऊन आणि हॉर्न

नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ कडे गेलेला असताना दुपारी चौकात उभं राहून बघा. सिग्नल हिरवा होऊन अर्धा सेकंद झाला नाही की मागून हॉर्न. अमेरिकेत वाळवंटातल्या फिनिक्स शहरात संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. हिरव्या सिग्नलला एक गाडी मुद्दाम हलवायची नाही आणि मागचा किती वेळाने, किती वेळ हॉर्न वाजवतो ते मोजायचं. १९८६ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जसं तापमान चढलं तसा हॉर्न वाढला आणि काचा उघड्या असलेल्या, म्हणजे एसी नसलेल्या चालकांत तो परिणाम सर्वांत ठळक होता.

शरीर तापलं की राग जवळ येतो आणि मेंदू त्या रागासाठी समोर जो दिसेल त्याला धरतो. म्हणून उन्हाळ्यात दुपारी काही सिग्नल बंद ठेवणं, चौकात हिरव्या जाळ्यांची सावली करणं, या गोष्टी मला नुसत्या सोयीच्या वाटत नाहीत. सावलीत उभा राहिलेला माणूस पुढचा चौक थोड्या शांतपणे गाठतो. आपल्या शहरातल्या बहुसंख्य लोकांच्या गाडीला छत नाही, हे धोरण ठरवणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवं.

पोट्टे आणि मागच्या सीटवरचे मित्र

संध्याकाळी ट्युशन सुटली की ट्रिपल सीट निघालेली मुलं दिसतात. एकेकटा मुलगा बहुतेक वेळा बरा चालवतो. मागे दोघं बसले की तोच वेगळा होतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली हे प्रयोगात दाखवलं. संगणकावर गाडीचा खेळ, पिवळा दिवा लागल्यावर किती पुढे रेटायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. १३ ते १६ वयाच्या मुलांनी मित्र बघत असताना एकट्याच्या तुलनेत सुमारे दुप्पट जोखीम घेतली. २४ च्या पुढच्यांत मित्र असण्या-नसण्याने काही फरक पडला नाही.

आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पिकत असतो. मित्रांच्या शाबासकीला उसळणारा भाग त्याच्या कितीतरी आधी तयार होतो. गाडीचा ॲक्सिलरेटर आधी बसवला आणि ब्रेक काही वर्षांनी, असं समजा. मुलगा हुशार आहे, गणितात पैकीच्या पैकी घेतो, याने इथे काही फरक पडत नाही.

'सगळ्यांचीच मुलं गाडी नेतात, ऑटो परवडत नाही' हे पालकांचं म्हणणं मी मैत्रिणींकडून ऐकते. अडचण खरी आहे. ट्युशन एका टोकाला, घर दुसऱ्या टोकाला, बसची वेळ जुळत नाही. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ पालकाला किंवा गाडीच्या मालकाला धरतं: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. सोळा वर्षांची मुलगी स्कुटी नेते तेव्हा किल्ली घरातल्याच कुणीतरी दिलेली असते.

फोन, तोही हातात न धरता

ताशी ६० वर तीन सेकंद स्क्रीनकडे बघितलं म्हणजे ५० मीटर डोळे मिटून चालवलं. हे बहुतेकांना पटतं. 'पण मी ब्लूटूथवर बोलतो' हे मात्र प्रत्येक जण सांगतो. बोलण्यात गुंतलेला मेंदू समोरचं दृश्य डोळ्यांतून घेतो आणि त्यातलं बरंचसं टाकून देतो. शेजारी बसलेला माणूस समोर बैल आला की आपोआप गप्प होतो. फोनवरच्याला बैल दिसत नाही, तो बोलतच राहतो.

'दंड वाढवा, सगळे सुतासारखे सरळ होतील'

हा उपाय सगळ्यांच्या तोंडी असतो. पण शंकरनगरच्या मुलाकडे परत बघा. त्याला दंडाची भीती होती आणि ती चौकातल्या पोलिसापासून शंभर मीटर पुरली. शिक्षा किती मोठी यापेक्षा पकडलं जाण्याची खात्री किती, यावर माणसाचं वागणं जास्त ठरतं. गुन्हेगारीचा अभ्यास करणारे हे अडीचशे वर्षं सांगत आहेत. इटलीच्या बेक्कारियाने १७६४ साली तेच लिहिलं होतं. दहा हजारांचा दंड हजारात एकदा बसला तर मन त्याला नशिबाचा भाग समजतं, अपघाताला समजतं तसंच. पाचशेचा दंड दर वेळी बसला तर चार दिवसांत सवय बदलते. कॅमेऱ्याचं चालान महिन्याभराने मोबाइलवर आलं तर तोपर्यंत कुठला सिग्नल आणि कुठली घाई, काहीच आठवत नाही. मीठ जास्त झाल्याचं महिन्याने सांगण्यासारखं ते आहे.

म्हणून मला आपल्या शहरातला एक प्रयोग महत्त्वाचा वाटतो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'आयरास्ते' प्रकल्पात महापालिकेच्या बसमध्ये चालकाला तिथल्या तिथे सावध करणारी यंत्रं बसवली गेली. समोरच्या गाडीच्या फार जवळ गेलं की यंत्र वाजतं. रस्त्यावर जे कुणी सांगत नाही, ते सांगणारा एक आवाज चालकाशेजारी असतो आणि तो लगेच सांगतो. दुचाकीस्वाराला असा आवाज नाही. त्याच्याजवळ असतात आई, बायको, मित्र.

निर्णय आधी, गाडी नंतर

रस्त्यावर मन ऐनवेळी जे ठरवतं, त्यावर भरवसा ठेवता येत नाही, हे इथवर आलं. तेव्हा ते ठरवायचं काम घरी, डोकं थंड असताना उरकावं. 'मी जपून चालवीन' असा मोघम संकल्प फार टिकत नाही. 'अमुक झालं की तमुक करायचं' अशी नेमकी गाठ मारली तर ती टिकते, असं पुष्कळ प्रयोगांत दिसलं आहे. फोन वाजला की गाडी डावीकडे घ्यायची, किंवा वाजू द्यायचा. रात्री अकरानंतर लांबचा प्रवास सुरू करायचा नाही. उशीर झालाच तर निघण्याआधी 'दहा मिनिटं उशीर होतोय' असा निरोप टाकायचा. तो एक निरोप टाकला की रस्त्यावरची निम्मी घाई उतरते. हे मी स्वतः करून पाहिलं आहे.

मुलीचं लायसन्स गेल्या वर्षी आलं. तीही म्हणायची, "आई, इथंच तर धरमपेठेत." वाद घालून उपयोग झाला नाही. मग आम्ही दोघींनी मिळून स्कुटीची किल्ली खुंटीवरून काढली. आता ती चपलांच्या कपाटावर, तिच्या हेल्मेटच्या आत असते. किल्ली घ्यायची म्हटलं की हेल्मेट हातात येतंच. पट्ट्याचा 'कट्' आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येतो. नाही आला तर मी विचारते.